फळ येईपर्यंतची वर्षे : कोकणातील बागायत, मसाला पिके आणि सरकारी साहाय्य

नारळ, सुपारी, काजू, मिरी, जायफळ, दालचिनी आणि कोकम ही कोकणातील व गोव्यातील पिके भात-नाचणीपासून एका मूलभूत बाबतीत वेगळी आहेत, ती अशी की ती लावणाऱ्याच्या हाती पहिली काही वर्षे काहीच पडत नाही. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देऊ लागते, आंब्याच्या कलमाला पाचेक वर्षे जातात, उंच जातीचा माड आणि पोफळ सहा-सात वर्षे घेतात, तर बी रुजवून वाढवलेले जायफळ कित्येकदा त्याहूनही उशिरा फुलते. या मधल्या काळात खड्डे, आळी, कुंपण, खत, उन्हाळ्यातले शिंपणे आणि गुरांपासून राखण यांचा खर्च मात्र थांबत नाही, आणि ज्या कुटुंबाला दुसरे उत्पन्न नाही त्याला हा काळ काढता येत नाही. म्हणून या पिकांना मिळालेल्या राजाश्रयाचा इतिहास पाहताना किती रुपये वाटले गेले याहून महत्त्वाचा प्रश्न हा ठरतो की, या वाट पाहण्याच्या वर्षांचा भार कोणत्या काळात कोणी उचलला.

अलिबाग-रेवदंड्याच्या अष्टागरापासून दक्षिणेकडे पसरलेल्या किनाऱ्यावर माड-पोफळींच्या ओलिताच्या बागेला आगर किंवा वाडी म्हणतात, आणि गोव्यात डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या पाण्यावर पोसलेल्या अशाच मिश्र बागेला कुळागर हे नाव आहे. अशा बागा उभ्या राहाव्यात म्हणून राज्यकर्त्यांनी सवलती देण्याची पद्धत इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीची आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून प्रारंभी नाममात्र धारा घ्यायचा, तो वर्षागणिक वाढवत न्यायचा आणि ठरलेल्या मुदतीनंतरच पूर्ण दराने वसूल करायचा, या रीतीला इस्तावा म्हणत, आणि तिची हमी देणाऱ्या लेखी आश्वासनाला कौल म्हणत. इस्ताव्यात सरकार पदरचे काही देत नसे. आपले येणे पुढे ढकलून लागवड करणाऱ्याला उसंत देत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरणातही हीच समज दिसते. जहाजांसाठी आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी असले तरी ही झाडे वाढण्यास दीर्घ काळ लागतो, रयतेने ती कष्टाने जोपासलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये आणि एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर मालकाला मोबदला देऊन, त्याला राजी करूनच ते घ्यावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. झाडामागे गेलेल्या वर्षांनाही मोल असते ही जाणीव अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभाराच्या लेखनात स्पष्टपणे येते, ही बाब लक्षणीय आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी पाहणी झाली, आणि एकदा ठरलेला सारा साधारण तीस वर्षे बदलायचा नाही असा नियम झाला. या नियमाने झाडे लावणाऱ्याला सिद्धान्ततः मोठे संरक्षण मिळाले, कारण बागेमुळे जमिनीचे मोल वाढले तरी मुदत संपेपर्यंत सारा वाढत नसे. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र हे संरक्षण जमीन कसणाऱ्यापर्यंत पोचले नाही. तेथील बहुसंख्य गावे खोती होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता, त्याच्या हक्कांना १८८० च्या खोती कायद्याने लेखी रूप मिळाले होते, आणि भाताच्या खाचरांबाहेरील वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, लावलेल्या झाडाचे फळ कोणाचे हा वाद सदैव धुमसत असे. ज्या जमिनीवरचा आपला हक्क उद्या टिकेल की नाही याची खात्री नाही, तेथे कूळ सात वर्षांनी फळणारे झाड लावणार नाही, हे उघड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे कुळांच्या पिळवणुकीचा व्यापक प्रश्न होता, पण कोकणचे डोंगर उघडे का राहिले याचेही एक उत्तर त्याच प्रश्नात दडलेले आहे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाण्याचा दिवस, ठरला. फळबागेच्या कोणत्याही अनुदानापेक्षा हे दोन कायदे कोकणातील झाडांना अधिक उपकारक ठरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

इलाख्याच्या दक्षिण टोकाला वेगळे चित्र होते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबईला जोडण्यात आला, आणि त्याबरोबर शिरसी-सिद्धापूरच्या हव्यक बागाईतदारांच्या मसाला-बागा मुंबई सरकारच्या अखत्यारीत आल्या. या बागांत पोफळीच्या सावलीत वेलदोडा आणि पोफळीच्याच खोडावर मिरवेल अशी रचना असे, आणि त्यांना लागणारा पालापाचोळा शेजारच्या रानातून येई. या रानाच्या तुकड्यांना बेट्टा म्हणत. बागेच्या क्षेत्राच्या कित्येक पट बेट्टा जमीन बागाईतदाराच्या वापरासाठी राखून ठेवण्याची सवलत सरकारने मान्य केली होती, आणि वनखाते जंगलावरील लोकांचे हक्क आखडत असतानाच्या काळात ही सवलत टिकून राहिली, यावरून या बागांच्या महसुलाचे महत्त्व कळते. शेतकी खात्यातील अधिकारी जेम्स मॉलिसन यांनी १९०० च्या सुमारास कानड्यातील सुपारी, वेलदोडा आणि मिरी यांच्या लागवडीची शास्त्रीय नोंद केली. शेजारच्या म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये कोळेरोगाचा, म्हणजे पावसाळ्यात कोवळी सुपारी कुजवून गाळणाऱ्या बुरशीचा, अभ्यास प्रसिद्ध केला आणि मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाची, अर्थात बोर्डो मिश्रणाची, फवारणी सुचवली. तोवर बागाईतदार प्रत्येक घोसावर गवताची टोपी बांधून पावसापासून बचाव करीत. कोलमन यांचा उपाय आजही पश्चिम किनाऱ्यावरच्या पोफळीच्या बागांत वापरला जातो, आणि सरकारी साहाय्यातील सर्वांत टिकाऊ भाग अनेकदा पैशाचा नसून ज्ञानाचा असतो याचा तो पुरावा आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास केंद्रीय पातळीवर जी रचना झाली, तिने पिकांमध्ये नकळत दोन वर्ग पाडले. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाल्यावर कॉफीचे मळे वाचवण्यासाठी १९४२ मध्ये कॉफी मंडळाचा कायदा झाला, १९४७ मध्ये रबराचे मंडळ आले, चहाचा कायदा १९५३ मध्ये झाला, आणि वेलदोड्याच्या १९६५ च्या कायद्यानुसार पुढील वर्षी वेलदोडा मंडळ स्थापन झाले. ही मंडळे वाणिज्य मंत्रालयाखाली होती. त्यांना कायद्याचा आधार होता, स्वतःचा निधी होता आणि पिकाची लागवड, संशोधन व विक्री यांवर एकत्रित नजर ठेवण्याची मुभा होती. रबर मंडळाने १९५७ मध्ये जुनी झाडे काढून नवी लावणाऱ्यांना अनुदान देण्याची योजना सुरू केली, आणि चीक मिळेपर्यंतच्या वर्षांचा काही खर्च सरकारने सोसावा हे तत्त्व तिने रूढ केले. कोकणातील पिकांच्या वाट्याला मात्र असे मंडळ आले नाही. नारळासाठी १९४५ मध्ये, सुपारीसाठी १९४९ मध्ये आणि मसाले व काजूसाठी १९६१ मध्ये मध्यवर्ती समित्या नेमल्या गेल्या; त्या साठच्या दशकाच्या मध्यास बरखास्त होऊन १९६६ मध्ये काजूसाठी कोचीनला आणि सुपारी व मसाल्यांसाठी कालिकतला संचालनालये निघाली. संचालनालय हे कृषी मंत्रालयाचे एक कार्यालय असते. त्याला मंडळाचे बळ नसते. नारळाला स्वतंत्र विकास मंडळ मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले.

या काळात कोकणात जे पेरले गेले त्याचे फळ दिसण्यास तीन दशके लागली. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ मध्ये नारळ संशोधन केंद्र निघाले आणि वेंगुर्ल्यास १९५७ मध्ये फळ संशोधन केंद्र सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि ही केंद्रे त्याच्या छत्राखाली आली. भाट्ये येथे बाणवली या किनारी जातीतून निवड करून प्रताप ही जात पुढे आणली गेली. वेंगुर्ल्याने काजूच्या निवडक झाडांपासून आणि संकरातून वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जातींची मालिका दिली. तोवर काजू बी टोकूनच लावला जाई, त्यामुळे एकाच रांगेतील दोन झाडांचे बी आकाराने, वजनाने आणि उत्पन्नाने सारखे नसे. सरकारी खात्यांच्या लेखी तर काजू हे मुख्यतः उघड्या डोंगराची धूप थांबवणारे झाड होते. कोवळ्या खुंटावर फांदीची काडी बांधण्याच्या मृदुकाष्ठ कलमाने हे बदलले, कारण चांगल्या झाडाची हुबेहूब प्रत हजारोंनी आणि स्वस्तात तयार होऊ लागली. आंब्यामध्ये कुंडीतले रोप झाडाच्या फांदीशी जोडून ठेवण्याच्या जुन्या भेट कलमाची जागा कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेल्या कोय कलमाने घेतली. पुढे रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या फळबाग लागवड योजनेला लाखो कलमांची गरज पडली तेव्हा ती पुरवता आली, याचे श्रेय या संशोधन केंद्रांना आणि त्यांच्याकडून तंत्र शिकून उभ्या राहिलेल्या कोकणातल्या खासगी रोपवाटिकांना जाते.

कोकणातील झाडांची वाट पाहण्याची वर्षे तोवर प्रत्यक्षात कोणी पोसली, याचे उत्तर सरकारी दप्तरात सापडत नाही. ती मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीने आणि गावी राहिलेल्या बाईच्या कष्टाने पोसली. घागरीने पाणी घालून जगवलेल्या पाच-पंचवीस कलमांमागे बहुतेक ठिकाणी हीच जोडी होती. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपाने या व्यवस्थेचा कणा मोडला. कामगार गावी परतले, त्यांच्याजवळ हात होते आणि वरकस जमीन होती, पण बाग फळेपर्यंत घर चालवण्याइतका पैसा नव्हता. १९९० ची योजना गिरणी कामगारांसाठी आखलेली नव्हती. तरीही ती कोकणात इतक्या वेगाने का रुजली हे समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

त्या योजनेचा पाया रोजगार हमीत होता. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या विचारातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन सरकारवर टाकणाऱ्या या कायद्याखाली मुख्यतः रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी सार्वजनिक कामे निघत. या कामांची गरज अवर्षणग्रस्त पठारावर अधिक होती, कोकणात ती तुलनेने कमी निघत, आणि रोजगारासाठीचा व्यवसाय कर भरणाऱ्या मुंबईच्या दाराशी असलेल्या या प्रदेशाला योजनेचा लाभ बेताचाच मिळे. १९९०-९१ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडण्यात आली आणि खासगी शेतावरील खड्डे खणणे, भरणे, कलम लावणे, आळी करणे, पाणी देणे या कामांची मजुरी हमी योजनेतून देण्याचे ठरले. शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी स्वतःच्याच जमिनीवर काम केले तरी त्यांना मजुरी मिळू शकत होती, ही या योजनेची खरी नवलाई. लहान व अत्यल्प भूधारकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना मजुरीबरोबर कलमे, खते, औषधे या साहित्याचाही खर्च देण्यात आला, आणि ही रक्कम एकदम न देता तीन वर्षांत, झाडे जगल्याची पाहणी करून हप्त्याहप्त्याने द्यायची अशी तरतूद होती.

प्रशासकीय तपशील वाटावा अशी ही तरतूद योजनेचा गाभा होती. तोपर्यंतच्या बहुतेक योजना रोप देत, फार तर खड्ड्याचे पैसे देत, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की झाडाशी त्यांचा संबंध संपे. नव्या योजनेने झाड लावण्याचे नव्हे तर झाड जगवण्याचे पैसे दिले, आणि पहिले पीक येईपर्यंतच्या काळातील सर्वांत जोखमीच्या तीन उन्हाळ्यांत शेतकऱ्याला कामाचे दाम दिले. इस्ताव्याने आपले येणे लांबवले होते, या योजनेने त्यापुढे जाऊन त्या वर्षांची मजुरी भरली. परिणाम आकड्यांत दिसतो. सरकारी आकडेवारीनुसार योजनेपूर्वी राज्यात फळझाडांखाली सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्र होते. ते पुढच्या दशकभरात दहा लाख हेक्टरांच्या घरात गेले. कोकणाच्या वाट्याला यात मुख्यत्वे आंबा आणि काजू आले. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे कातळाळ माळ, जेथे पावसाळ्यात गवत आणि इतर वेळी जांभा दगडच दिसे, तेथे सुरुंग लावून खड्डे पाडण्यात आले, बाहेरून आणलेल्या मातीने ते भरले गेले आणि कलमे उभी राहिली.

योजनेवर झालेली टीका तितक्याच गांभीर्याने नोंदवली पाहिजे. रोजगार हमी ही मुळात भूमिहीनाचा हक्क म्हणून जन्मली होती, आणि तिचा निधी जमीनमालकाची मत्ता निर्माण करण्यासाठी वळवला गेला, हा अभ्यासकांचा आक्षेप खोटा नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला या योजनेत फक्त मजूर म्हणून जागा होती. कोकणात तर आणखी एक अडचण निघाली, ती म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एका तुकड्याच्या मालकीत दोन-दोन पिढ्यांतले कित्येक भाऊबंद सामायिक नोंदलेले असत. त्यांतले निम्मे मुंबईत, काही कायमचे परागंदा, आणि सर्वांच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकत नसे. जो गावात राहून जमीन सांभाळतो त्याच्यापेक्षा ज्याची कागदपत्रे सरळ आहेत त्याला योजना सोपी गेली. हा दोष आजही दूर झालेला नाही, आणि कोकणातील फलोद्यानाला लागलेला तो सर्वांत मोठा अडसर आहे.

भूमिहीनतेच्या जवळ असलेल्या आदिवासी शेतकऱ्यांपर्यंत झाडे पोचवण्याचे काम अधिक काळजीने झाले ते वाडी कार्यक्रमातून. मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात सुरू केलेल्या या कार्यक्रमात एका कुटुंबाच्या साधारण एकरभर हलक्या जमिनीवर आंबा व काजूची कलमे, बांधावर वनवृक्ष आणि मधल्या जागेत भाजी-धान्य अशी मांडणी होती, म्हणजे झाडे मोठी होईपर्यंत घरात काही ना काही येत राहील. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातही हा प्रयोग रुजला, आणि पुढे नाबार्डने २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधी उभारून त्याला देशभर नेले. वाट पाहण्याच्या वर्षांचे उत्तर येथे अनुदानाबरोबर शेताच्या रचनेतही शोधले गेले.

मसाला पिकांची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. सांगलीच्या हळदीसारखे वर्षाच्या आत हाती येणारे पीक बाजारपेठेच्या बळावर वाढले. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत, म्हणजे मातीत खोदलेल्या खोल कोठारांत, हळद साठवून भावाची वाट पाहण्याची सोय व्यापाऱ्यांनीच उभी केली होती. कोकणातील मसाला मात्र झाडावर आणि वेलीवर येतो, आणि तोही स्वतंत्र मळ्यात नव्हे तर माड-पोफळींच्या सावलीत. जायफळात आणि कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात, आणि बीपासून आलेले झाड कोणते हे ते फुलेपर्यंत कळत नाही. सहा-सात वर्षे वाढवून निम्मी झाडे नर निघाली की शेतकऱ्याचा धीर सुटतो. दापोली विद्यापीठाने मादी झाडांची कलमे करण्याची पद्धत बसवली, कोकमात कोकण अमृता ही जात दिली आणि जायफळात एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुले धरणारी कोकण संयुक्ता निवडली. दालचिनीत कोकण तेज आली. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस असे थर बसवून एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने घेण्याच्या भाट्ये केंद्राच्या प्रयोगाला लाखी बाग हे नाव मिळाले, आणि कोकणातील बागाईतदारांच्या बोलण्यात ते रुळले.

सरकारी साहाय्याची चौकट मात्र या थरांना ओळखत नव्हती. वेलदोडा मंडळ आणि मसाला निर्यातीची परिषद एकत्र करून २६ फेब्रुवारी १९८७ रोजी मसाला मंडळ अस्तित्वात आले, आणि त्याच्या यादीतील ५२ मसाल्यांत कोकमाचाही समावेश झाला. पण लागवडीची थेट जबाबदारी मंडळाकडे राहिली ती मुख्यतः वेलदोड्याची, आणि मिरी-जायफळासारख्या पिकांची लागवड कृषी मंत्रालयाच्या वाट्याला आली. परिणामी शेतातला माल एका मंत्रालयाचा आणि निर्यातीचा माल दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली. शिवाय अनुदान हेक्टरी मोजले जाई, आणि दहा गुंठ्यांच्या आगरात माडांखाली लावलेली वीस जायफळे व पोफळींवर चढवलेली पन्नास मिरवेली हेक्टरात कशी मोजायची याचे उत्तर कोणत्याच तक्त्यात नव्हते. पीकपाहणीत त्या जमिनीवर नारळ किंवा सुपारी एवढेच लिहिले जाई आणि मधला मसाला नोंदीबाहेर राही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले, त्यात बहुवर्षायू मसाल्यांना लागवडीचे साहाय्य मिळाले, रोपवाटिकांना पैसे मिळाले, पण मोजणीचे एकक बदलले नाही.

गोव्याने या बाबतीत वेगळी वाट चोखाळली. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला आणि गोव्याच्या डोंगरांवर तो असा पसरला की बोंडूपासून हुर्राक व फेणी काढण्याचा व्यवसाय तेथील अर्थजीवनाचा भाग झाला. मुक्तीनंतर फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील कुळागरांचा माल विकत घेण्यासाठी गोवा बागायतदार संस्थेसारखी सहकारी व्यवस्था उभी राहिली, आणि सुपारी व काजूच्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याखेरीज दुसरे दार मिळाले. गोवा सरकारने पुढे काजू, सुपारी, नारळ यांसाठी आधारभूत किंमत ठरवून बाजारभाव त्याखाली गेल्यास फरकाची रक्कम शेतकऱ्याला देण्याची पद्धत अवलंबली. काजू बीची ही किंमत २०२३ मध्ये किलोला १२५ रुपयांवरून १५० रुपये झाली. महाराष्ट्राने झाड लावण्यावर सर्वाधिक खर्च केला, तर गोव्याने फळलेल्या झाडाच्या भावाकडे अधिक लक्ष दिले. लहान राज्याला हे सोपे गेले हे खरे, तरी दिशेचा फरक नाकारता येत नाही.

गोव्याच्या सीमेवरील बांद्यापलीकडचा हा फरक दोडामार्ग-सावंतवाडीच्या शेतकऱ्याला रोज दिसतो. त्याच तालुक्यांत केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी जमिनी घेऊन रबर आणि अननस लावले, आणि रबर मंडळाच्या छायेत वाढलेले ज्ञान त्यांनी सोबत आणले. त्यांच्या आगमनाने जमिनीच्या मालकीचे आणि वनाचे गंभीर प्रश्न उभे केले असले, तरी कित्येक दशकांची संस्थात्मक पाठराखण एखाद्या शेतकरी समाजात किती खोल उतरते, याचे ते उदाहरण आहे.

महाराष्ट्रात पुढे महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली खासगी जमिनीवरील फळबाग लागवड सुरू राहिली, पण तिच्या अटींत न बसणाऱ्यांसाठी २०१८ च्या खरिपापासून राज्याने भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना काढली. १९९० चे मूळ तत्त्व तीत टिकून आहे: अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि दुसऱ्या वर्षीचा हप्ता मिळण्यासाठी बागायती झाडांपैकी किमान ९० टक्के व कोरडवाहू झाडांपैकी किमान ८० टक्के जिवंत असावी लागतात. कोकणासाठी क्षेत्राची कमाल मर्यादा १० हेक्टर आणि किमान ०.१० हेक्टर, म्हणजे दहा गुंठे, ठेवून लहान वाडीला तिने दार उघडले. सामायिक खातेदारांच्या संमतीपत्राची अट मात्र कायम राहिली.

मोजणीच्या एककाचा प्रश्न अखेर वादळाने सोडवायला लावला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर येथील तसेच मंडणगड-दापोलीकडील नारळ-सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने फळबागांच्या नुकसानीची मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपये केली, पण पाच-दहा गुंठ्यांच्या आगराला हेक्टरी हिशेबाने मिळणारी रक्कम मोडलेली झाडे उचलण्यासही पुरेना. लोकांनी आवाज उठवल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय झाला आणि नारळाच्या झाडामागे २५० रुपये व सुपारीच्या झाडामागे ५० रुपये देण्यात आले. वीस-पंचवीस वर्षे वाढलेल्या माडाची ही किंमत अपुरी होती, आणि ते सांगताना कोणीही संकोच करू नये. परंतु तत्त्व म्हणून हा निर्णय मोलाचा होता, कारण कोकणात संपत्ती जमिनीच्या विस्तारात नसून झाडांत असते हे सरकारी कागदावर प्रथमच इतक्या स्पष्टपणे उमटले.

काजूच्या बाबतीत उरलेला प्रश्न भावाचा आहे. १९९० नंतर लावलेल्या बागा भरात असताना देशातील प्रक्रिया उद्योग आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिला, आणि हंगामात स्थानिक बीचा भाव पडत राहिला. २०२३ मध्ये राज्याने काजू मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला आणि २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये, तेही एका शेतकऱ्याच्या जास्तीत जास्त २,००० किलो बीपर्यंत, असे अनुदान जाहीर केले. गोव्याच्या हमीशी तुलना करता ही सुरुवात लहान आहे, पण काजूसाठी कायम संस्था हवी हे मान्य होण्यास राज्याला सहा दशके लागली हे ध्यानात घेतले तर तिचे मोल कळते. आता या मंडळाने आणि कृषी खात्याने दोन गोष्टी तातडीने कराव्यात: सामायिक सातबाऱ्यावर प्रत्यक्ष कसणाऱ्याला, इतरांच्या मालकीला धक्का न लावता, अनुदानास पात्र ठरवणारी तरतूद करावी, आणि पीकपाहणीत वाडीतील प्रत्येक जातीच्या झाडांची संख्या लिहिण्याची सक्ती करावी, म्हणजे पुढील वादळात आणि पुढील योजनेत माडाखालचे जायफळ आणि पोफळीवरची मिरवेल हिशेबाबाहेर राहणार नाही.